बोटीवरचं यंत्र बदलायच्या आधी वायर बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सातपूरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वीस-बावीस वर्षं झाली. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, अलीकडे ई-रिक्षा पण. गेली पाच वर्षं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मासेमारी करणाऱ्या मंडळींच्या बोटींचं वायरिंगही माझ्याकडे येतं, कारण माझे मेव्हणे तिकडच्या एका मच्छीमार सोसायटीचे सभासद आहेत आणि एकाचं काम केलं की दुसरा येतोच. या कामात एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की ती सगळ्यांना कळली पाहिजे असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. फिश फायंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि खालचे मासे दाखवणारं यंत्र, ज्याला आम्ही नुसतं सेट म्हणतो, तो बंद पडला, खोली दाखवेना, स्क्रीनवर नुसता कचरा यायला लागला की माणूस पहिल्यांदा यंत्राला शिव्या घालतो, मग त्याचा पाण्यातला सेन्सर बदलतो, आणि दोन्हीकडे पैसे घालवून झाले की मग कोणीतरी म्हणतं जरा वायर बघा. हे बरोबर उलटं पाहिजे. आधी वायर आणि बॅटरी, मग सेन्सर, आणि यंत्राचा नंबर सगळ्यात शेवटी.

मेव्हण्यांच्याच बोटीचं सांगतो. अठरा फुटी फायबरची बोट, मागे सेल्फवालं ओबीएम, म्हणजे फळीला बाहेरून लावायचं इंजिन, पुढे पाच इंची फिश फायंडर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं, काठाला बोट ओढताना खालून खडक लागला आणि मागच्या फळीवर बसवलेला सेन्सर फुटला. त्याचं खरं नाव ट्रान्सड्युसर, पण आमच्याकडे सगळे सेन्सरच म्हणतात. त्यांनी बाहेरगावच्या एका दुकानातून नवीन मागवला. दुकानदार म्हणाला पिना सारख्याच आहेत, बसेल. बसला पण. प्लग अगदी टिचकी वाजवून बसला, आणि स्क्रीनवर काहीच नाही, खोलीच्या जागी नुसत्या रेघा. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. मग दुसरा आणला, हा बरोबर नंबरचा होता, पण ज्याने बसवला त्याला फळीच्या भोकातून प्लग जाईना म्हणून त्याने केबलच कापली, आतल्या तारा पिळून जोडल्या आणि वरून काळी टेप मारली. झालं, बोट उभी असताना तळ दिसायचा, इंजिन चालू केलं की स्क्रीनभर ठिपके, आणि इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला की सेट बंद होऊन परत पहिल्यापासून चालू. सहा-आठ महिने असंच ओढलं त्यांनी. शेवटी मला म्हणाले, दाजी, नवीनच सेट घेऊन टाकू, रोजची कटकट नको. वीस-पंचवीस हजारांची गोष्ट, मासळीच्या धंद्यात हे पैसे कुठून येतात ते ज्याचं त्याला माहीत. मी म्हटलं थांबा, रविवारी मीटर घेऊन येतो.

सकाळी सहाला गेलो. भाचा पुढे सेटपाशी मल्टिमीटर धरून बसला, मी मागे बॅटरीपाशी. सगळं बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, सेटच्या प्लगवर १२.४. इथेच बहुतेक लोक फसतात, मीटर बारा दाखवतोय म्हणजे करंट ओके आहे असं म्हणून डबा बंद करतात. पण लोड नसताना, म्हणजे करंट ओढणारं काही चालू नसताना, सडलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, केसाएवढी एक तार शाबूत असली तरी पुरते. मग सेट चालू केला, पाणी उपसायचा पंप चालू केला, लाइट लावला. आता बॅटरीवर १२.३ आणि सेटवर १०.३. दोन व्होल्ट वाटेतच गायब. मग मेव्हण्यांना सेल्फ मारायला सांगितला आणि पुढून भाचा ओरडला, मामा, नऊच्या खाली गेलं! बहुतेक सेटना कमीत कमी १० व्होल्ट लागतात, त्याच्या खाली गेलं की तो स्वतःला बंद करून घेतो, त्यात सेटची काही चूक नाही.

टेप सोडवली तर आतून हिरवी पावडर गळली. तांब्याच्या वीसेक बारीक तारांपैकी चार-पाच शाबूत, बाकीच्या नखाने हलवल्या की तुटत होत्या. आणि वायर कोणती, तर घरातल्या टेबल लॅम्पला असते ती पाऊण स्क्वेअर एमएमची. याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा, कारण तोंडी सांगितलं की लोक मान डोलावतात आणि परत तीच वायर आणतात. पाऊण एमएमच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२६ ओहम. बॅटरीपासून सेटपर्यंत ५ मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणजे १० मीटर, झाले ०.२६ ओहम. त्याच वायरवर पंप, लाइट आणि सेट मिळून ५ अँपियर ओढले की १.३ व्होल्ट नुसत्या वायरमध्ये जातात, आणि उरलेले ०.७ त्या हिरव्या जोडात आणि फ्यूजच्या गंजलेल्या होल्डरमध्ये. तीच वायर अडीच एमएमची घेतली तर रोध मीटरला ०.००८, म्हणजे ५ अँपियरला फक्त ०.४ व्होल्ट. आणि सेटला पंपापासून तोडून स्वतःची वेगळी अडीचची जोडी दिली तर सेट ओढतो जेमतेम १ अँपियर, म्हणजे घट ०.०८, जवळजवळ काहीच नाही. बोटीच्या वायरिंगमध्ये यंत्रांच्या लाइनला ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट नको असा नियम आहे, १२ व्होल्टला ते ०.३६ होतात, तेवढं लक्षात ठेवलं तरी बास.

वायर घ्यायची ती बारीक तारांचीच, आणि मिळाली तर कल्हई केलेल्या तांब्याची, म्हणजे आतली तार चांदीसारखी दिसते ती. थोडी महाग पडते. साधं तांबं गाडीत चालतं, बोटीत ओल वायरच्या आत केशवाहिनीसारखी चढत जाते आणि इन्सुलेशनच्या आत एक-दोन फूट आत तांबं काळं पडलेलं मी बघितलंय, बाहेरून वायर नवी कोरी. जोड शक्यतो नकोच, लागलाच तर थिंबल, म्हणजे तारांवर दाबून बसवायची धातूची टोपी, नीट प्रेस करून वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की गोंद वितळून पाणी जायची वाट बंद होते. तारा पिळून वर टेप हे बोटीवर करूच नका, गोड्या पाण्यात समुद्राइतकं गंजत नाही हे खरं, पण गंजतं. आणि निगेटिव्ह वायर बॅटरीच्या निगेटिव्हलाच न्यायची, पत्र्याच्या बोटीला बॉडी अर्थ करायची आपली गाडीतली सवय तिथे चालत नाही, बोटीचा पत्राच खाल्ला जातो.

फ्यूजबद्दल जरा जास्त बोलतो. बोटीत फ्यूज बहुतेक ठिकाणी सेटजवळ असतो, म्हणजे दिसायला आणि बदलायला सोपा. पण फ्यूज सेटसाठी नसतो, वायरसाठी असतो. मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंत अडवणारं काहीच नसतं, साधी गाडीची बॅटरी शॉर्टला शेकडो अँपियर देते, वायर क्षणात लाल होते, आणि बाजूलाच पेट्रोलची टाकी. पाण्याच्या मधोमध ते पेटलं तर पळायचं कुठे? म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या आत पाहिजे, आणि सेटला तो ३ अँपियरचा किंवा सेटच्या पुस्तकात जो दिलाय तो. जळला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली मी दोन बोटींवर स्वतः काढली आहे, आणि दोन्ही बोटींवर घरची लहान पोरं बसून जात होती. हे लिहितानासुद्धा पोटात गोळा येतो.

आता बॅटरी. इंजिनचा सेल्फ ज्या बॅटरीवर आहे तिच्यावर फिश फायंडर नको, एवढं एक केलं तरी अर्ध्या तक्रारी संपतात. सेल्फ मारला की चांगली बॅटरीसुद्धा क्षणभर दहा-साडेदहापर्यंत बसते, आणि जुन्या काही ओबीएमना चार्जिंगचं रेग्युलेटर नसतं तिथे फुल्ल रेसला उलट व्होल्टेज सोळा-सतराच्या वर उडतं, दोन्ही सेटला वाईट. सेटला वेगळी छोटी बॅटरी द्या. आता किती अँपियरची ते पण हिशोबानेच ठरवा, अंदाजाने नको. सेट ०.८ अँपियर ओढतो, सहा तास पाण्यावर असाल तर ४.८ अँपियर-अवर झाले, आणि शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की ती लवकर मरते, म्हणजे यूपीएसमध्ये असते ती ७ अँपियरवाली पुरत नाही, १२ ची घ्या. लिथियम फॉस्फेटची घेतली तर ७ ची चालून जाते आणि वजन निम्म्याहून कमी, पण तिला तिचाच चार्जर लागतो, गॅरेजमधला जुना चार्जर लावायचा नाही, आणि तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत तेराच्या आसपास राहून मग एकदम पडतं, त्यामुळे मीटर बघून किती उरली ते कळत नाही, तास मोजावे लागतात. आणि पावसाळ्यात बोटी उलट्या घालून ठेवता तेव्हा बॅटरी घरी आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा. शिशाची बॅटरी १२.४ च्या खाली तीन महिने पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचं मीठ धरतं आणि मग ती कितीही चार्ज करा, सेल्फ मारला की बसलीच.

आता सेन्सर, कारण तो बदलायची वेळ खरोखर येते कधीकधी. आत एक सिरॅमिकची चकती असते, तिला वीज दिली की ती आकुंचन-प्रसरण पावून पाण्यात आवाज सोडते आणि तळाला आपटून परत आलेला आवाज तीच ऐकते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे १० मीटर खोल पाण्यात जाऊन यायला सेकंदाचा सत्तर-पंच्याहत्तरावा भाग. परत येणारा आवाज इतका क्षीण असतो की केबल कापून पिळून जोडली की केबलमधली बाहेरचा त्रास अडवणारी तारेची जाळी तुटते आणि इंजिनच्या प्लगची ठिणगी त्यात घुसते, मेव्हण्यांच्या स्क्रीनवरचे ठिपके म्हणजे तेच. म्हणून केबल कधीच कापायची नाही. प्लग जात नसेल तर इंचाचं भोक पाडा, पाण्याच्या रेषेच्या वर, आणि कडेने सीलंट भरा. केबल जास्त झाली तर सैल वेटोळं करून बांधा, इंजिनच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नका.

घेताना केबलवर प्लगजवळ एक लेबल असतं, त्यावरचा मॉडेल नंबर जुळवा, सेटच्या पुस्तकातून फ्रिक्वेन्सी जुळवा. पिना सारख्या असल्या म्हणजे झालं असं नाही. जुना खरंच गेलाय का ते बघायची सोपी युक्ती म्हणजे सेट चालू करून सेन्सर पाण्याबाहेर कानाजवळ धरा, चालू असेल तर बहुतेक वेळा बारीक टिक टिक ऐकू येते. टिक टिक येतेय आणि तरी तळ दिसत नाही तर सेन्सर बदलू नका, त्याचं तोंड बघा. आपल्याकडे धरणात शेवाळ फार लवकर बसतं, वर गाळाचा थर. साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसायचं, पेट्रोल किंवा थिनर लावलं की त्याचं प्लास्टिक खराब होतं. एका बोटीवर नुसतं पुसून यंत्र चालू झालं आणि मालक नवीन सेन्सर घ्यायला निघाला होता.

बसवायची जागा तर सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली जाते. सेन्सरला हवा चालत नाही, बुडबुड्यांतून आवाज जातच नाही. इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यापासून निदान पंधरा इंच लांब, आणि ज्या बाजूला पंख्याची पाती खाली जातात तिकडे, बहुतेक इंजिनांचा पंखा मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो म्हणून ती उजवी बाजू. फायबरच्या बोटीला तोंड तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच खाली, जास्त खाली नेलं तर फेस उडतो आणि खडकही लागतो. त्याच्या पुढे तळाला कुठे पट्टी, रिव्हेट असलं तर त्याच्या मागे बुडबुडे तयार होतात, ती रेष टाळा. आम्ही हे आधी दोन ठिकाणी नुसतं दोरीने बांधून चालवून बघितलं, जिथे पळतानाही तळाची रेष तुटली नाही तिथेच भोकं पाडली. मेव्हण्यांना त्यात सकाळचा दीड तास गेला म्हणून राग आला होता, पण दुसऱ्यांदा फळीला भोक पाडावं लागलं नाही.

स्क्रीन वाचण्याबद्दल पण दोन शब्द. बरेच जण समजतात की समोर काय आहे ते दिसतंय. तसं नाही. उजव्या कडेची उभी रेष म्हणजे आत्ता बोटीच्या बरोबर खाली काय आहे ते, आणि डावीकडे जे आहे ते होऊन गेलेलं. बोट उभी असेल आणि खाली एक कटला मासा थांबला असेल तर तो लांबच लांब पट्टा दिसतो, म्हणजे मोठा मासा नाही, तोच तो परत परत. आणि सेन्सरचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो, २०० किलोहर्ट्झवर तो शंकू साधारण २० अंशांचा धरला तर ९ मीटर खोलीवर जेमतेम सव्वातीन मीटरचं वर्तुळ दिसतं, त्याच्या बाहेरचं काही नाही.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण आता मासेमारीच्या पलीकडची गोष्ट. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडापासून खाली आणि धरणाच्या बाजूला बोटी लागणार, जीवरक्षक मुलं लागणार. गोदावरीला पाणी वाढलं की नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते आपण सगळे पुलावर उभं राहून बघतो, पण पाण्याखाली खड्डा कुठे आहे, गाळ कुठे साचलाय, हे त्या मुलांना वर्षानुवर्षांच्या अंदाजानेच माहीत असतं. बोटीवर साधा खोली दाखवणारा सेट चांगला चालत असेल तर त्यांना कुठे उतरायचं, कुठे दोर टाकायचा याची मदत होते. साध्या सेटवर माणूस शोधता येत नाही हे पण स्वच्छ सांगितलं पाहिजे, त्याला बाजूला बघणारा साइड स्कॅन लागतो, ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचा, आणि फेसाळ पुरात तोही आंधळा होतो. पण जे यंत्र आहे ते ऐन वेळी पंप चालू केला म्हणून बंद पडू नये एवढं तर आपल्या हातात आहे ना. बोट घेताना सगळे विचारतात इंजिन किती एचपीचं, माणसं किती बसतात. वायर किती एमएमची, फ्यूज कुठे, सेटला बॅटरी वेगळी आहे का, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून माझी साधी मागणी आहे. नदीवर आणि धरणावर जेवढ्या बोटी सिंहस्थात वापरल्या जाणार आहेत, मग त्या सरकारी असोत, ठेक्यावरच्या असोत की सोसायटीच्या, त्यांची वायरिंगची तपासणी आधीच व्हावी, आणि ती लोड लावून व्हावी. सगळं चालू करून, पंप सुरू ठेवून, सेल्फ मारून, आणि मीटरचा एक काटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा सेटच्या पॉझिटिव्हला, म्हणजे वाटेत किती पडतंय ते सरळ दिसतं, मग तसंच निगेटिव्हचं. एका बोटीला वीस मिनिटं लागतात. आमच्या त्र्यंबक रोडला शासकीय आयटीआय आहे, इलेक्ट्रिशियनच्या मुलांना हे काम एका दिवसात शिकवता येईल, त्यांना खऱ्या बोटीवर हात बसेल आणि बोटवाल्यांचं काम होईल. शिकवायला कोणी नसेल तर मी येतो, रविवारी दुकान बंदच असतं, पैसे नकोत.

मेव्हण्यांच्या बोटीला तेव्हा वेगळी १२ अँपियरची बॅटरी, अडीचची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि न कापलेल्या केबलचा सेन्सर घातला. जुनाच सेट त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेला नाही. बाहेरगावच्या दुकानातून चुकून आलेला तो पहिला सेन्सर अजून माझ्या दुकानात कोरा पडून आहे, सोसायटीतल्या ज्या कोणाच्या सेटला त्याचा नंबर जुळत असेल त्याने जुन्या केबलचं लेबल घेऊन यावं आणि घेऊन जावा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
सातपूर, नाशिक